डाव्या कवाडावरचा खडूचा गोल

आतून आणि बाहेरून

मी एक जुना दरवाजा आहे, मित्रांनो, आणि मला पाठ नाही. माझ्या दोन्ही बाजूंना तोंडच आहे. त्यामुळे मी कधी आतून बोलेन, कधी बाहेरून. गोंधळू नका. दरवाजा एकच आहे.

माझी कवाडे मात्र दोन आहेत. उजवे कवाड आडणा लावून कायमचे झोपलेले असते. सगळी ये-जा डाव्यावर. म्हणून आयुष्यात जे काही घडले, ते डाव्याच्या वाट्याला आले. उजव्याला विचाराल तर ते म्हणेल, विशेष काही नाही, बरे चालले आहे.

मला एका सुताराने केले, स्वतःच्याच गवताच्या कोठारासाठी. टेकडीवर वाऱ्याने पीळ पडलेले एक झाड होते. त्याच्या फळ्या काही केल्या सरळ निघेनात. सुताराची बायको म्हणाली, "चुलीत घाला ते लाकूड." सुतार म्हणाला, "गवत काय आरसा धरून बसणार आहे का? दार आहे एवढं पुरे त्याला." आणि त्याने मला ठोकून उभे केले. चौकटीतून लोखंडी खुंट बाहेर येतात आणि माझ्या पट्ट्यांची वळवलेली टोके त्यांवर बसतात. चार माणसांनी वर उचलले की मी निघतो. हे लक्षात असू द्या.

सुताराची एक सवय होती. दिवस मावळायला तो झालेल्या कामावरून नुसता तळवा फिरवी. कुठे खटकले की तिथे खडूने गोल काढी. सकाळी पहिले काम त्या गोलाचे. खडू धरायला त्याची मुलगी मागे उभी असे. मुलगा? तो कुठेतरी पत्र्याच्या डब्यावर काठ्या बडवत असे. हेही लक्षात असू द्या.

मग गवताची वर्षे आली. भारे आत, भारे बाहेर. एका खोंडाने माझ्या खालच्या फळीवर शिंगे घासून घासून खाच पाडली. पोरे मला लोंबकळून झोके घेत. प्रत्येक झोक्याला माझी बिजागरी ओरडे आणि पोरे आणखी जोराने ओरडत. त्या दिवसांत माझा आवाज कुणाला खुपत नव्हता.

मग जनावरे विकली गेली. गवत आणणे थांबले. कुणीतरी मला लावून घेतले आणि पुन्हा उघडायला आलेच नाही. बंद राहणे हेच दरवाजाचे काम, असे लोकांना वाटते. ते निम्मेच काम आहे. उरलेले निम्मे मी कित्येक वर्षे केले नाही. कोळ्यांनी माझ्या फटी विणून टाकल्या.

बाहेरून

एका उन्हाळ्यात सुताराचा मुलगा परत आला. डोक्यावरचे केस गेलेले, भुवया मात्र शाबूत. शहरात राहून तो संगीत रचणारा झाला होता. आधी कुणी ऐकलेले नाही असे संगीत रचायचे, हा त्याचा धंदा. त्याने कोळिष्टके बाजूला केली, आत पाऊल टाकले आणि एकदाच टाळी वाजवली. टाळी छतापर्यंत गेली आणि सावकाश खाली आली. तो बहिणीला म्हणाला, "अगं, इथे माणसं बोलवू या."

"कोण माणसं?"

"माझ्यासारखी."

"बाई गं," ती म्हणाली. "आणि त्यांना जेवायला कोण घालणार?"

ती घालू लागली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात संगीत रचणारे इथे येतात, कोठारात बसतात, मळ्यात झोपा काढतात, आणि शेवटच्या दिवशी गावातल्या लोकांना आपापल्या रचना ऐकवतात. सगळे तिला मावशी म्हणतात आणि त्याला मामा. जगभरातल्या आया जणू याच घरातून सासरी गेल्या.

मित्रांनो, मी या लोकांचे कौतुक करतो ते उगाच नाही. मी आयुष्यभर माणसे कामाला येताना पाहिली आहेत. पण एका पाण्याच्या थेंबासाठी सकाळभर उकिडवे बसणारी माणसे मी आधी पाहिली नव्हती. त्यांच्यात एक काचवाला होता. तो काचेच्या वाडग्यांच्या कडांवर ओले बोट फिरवी. एका वाडग्यातले पाणी चमचाभर जास्त झाले म्हणून त्याने जेवण सोडले. मावशी म्हणाली, "चमचाभर पाण्यापायी एवढी भाकरी टाकतात का रे?" तो म्हणाला, "मावशी, सूर खाली गेलाय." ती म्हणाली, "पोटही खाली गेलंय तुझं. आधी ते वर आण."

पण माझ्यावर मात्र ही मंडळी नाराज होती. अगदी हलकी, धुक्यासारखी रचना चालू असावी, आणि उशिरा आलेल्या कुणीतरी मला ढकलावे.

कर्रर्रर्र.

सगळ्या माना वळत. उशिरा आलेल्याकडे कुणी पाहत नसे. सगळे माझ्याकडे पाहत. एकदा माझ्या बिजागरीत चिंधी कोंबली. एकदा माझ्यावर कागद लावला: दार हळू उघडा. हळू उघडले की मी जास्त वेळ ओरडतो, हे त्यांना कळायला एक उन्हाळा गेला. मला लाज वाटू लागली. ऐकणाऱ्यांच्या घरात मीच तेवढा नको असलेला आवाज होतो.

बिजागरीवरून

मग एका उन्हाळ्यात मामाने नवा नियम काढला. पहिल्याच सकाळी त्याने सगळ्यांच्या हातात खडू दिला. "या जागेतला एक आवाज निवडा. ज्याचा आवाज निवडाल, त्याच्यावर गोल काढा. एकाचा आवाज दुसऱ्याने घ्यायचा नाही. शेवटच्या दिवशी त्या आवाजाची रचना."

हे तो सांगत होता तेव्हा मावशी आपल्या एकुलत्या शेळीची धार काढायला गेली होती. तिला कुणी काही सांगितले नाही. जिला रोज सगळे सगळे सांगतात, तिला हेच सांगायचे राहून गेले.

माणसे धावली. एकाने रहाटावर गोल काढला, एकाने दगडी हौदावर. काचवाल्याने कोंबडीवर काढायचा प्रयत्न केला, तो फसला.

एक बाई तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत. शाळेत गाणे शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणत. सोबत त्यांची लेक होती. ती चेलो वाजवी. चेलो म्हणजे बसलेल्या माणसाएवढे वाद्य. ते गुडघ्यांमध्ये धरतात, गजाने वाजवतात, आणि खाली त्याला एक टोकदार लोखंडी पाय असतो.

बाईंना ऐकू येणे कमी होत चालले होते. बारीक आवाज आधी गेले, मग मधले. रहाट, हौद, कोंबड्या यांच्यापैकी काहीच त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हते. त्या हसतमुख उभ्या होत्या, आणि ते हसू किती जड होते ते मला कळत होते, कारण त्या मला टेकून उभ्या होत्या.

"आई, खडू दे इकडे, मी शोधते," लेक म्हणाली.

"तू शोधलेला आवाज तुझा. मी काय त्याला दत्तक घेऊ?"

मामा जवळ येऊन मोठ्याने म्हणाला, "बाई, डोक्यात तर ऐकू येतं ना? त्यावर लिहा."

"डोक्यात ओळखीचंच वाजतं हो, मामा. नवीन असतं ते बाहेरून येतं." मग त्या लेकीला म्हणाल्या, "मला न ऐकू आलेलं मी कधी लिहिलं नाही. आता अंदाजपंचे नाही लिहिणार. आवाज मिळाला तर ही शेवटची रचना. मिळाला नाही, तर मागचीच शेवटची होती असं समजायचं."

लेक रागाने आत निघाली आणि तिने मला ढकलले.

कर्रर्रर्र.

बाईंचा खांदा माझ्यावर होता. माझे ओरडणे फळीतून त्यांच्या हाडात गेले. त्या दचकल्या. वळल्या. मला मागे ओढले. पुन्हा ढकलले. गाल टेकवून पुन्हा ढकलले.

"आई, काय करतेस? सगळे बघतायत."

"बघू देत. गप्प बस जरा. हे येतंय मला. सगळं येतंय, खालपासून वरपर्यंत!"

आणि मित्रांनो, त्यांनी माझ्या वरच्या बिजागरीजवळ, डाव्या कवाडावर, खडूने गोल काढला.

पुढचे दिवस मी कसे सांगू? मला आजवर कुणी असे उघडले नव्हते. त्या मला बोटभर उघडत आणि थांबत. मग आणखी बोटभर. मी कुठे कण्हतो, कुठे अडखळतो, कुठे एकदम वर जातो, हे त्यांनी कागदावर एका जाड रेघेने काढले. ती रेघ चढे, तुटे, पुन्हा लागे. दमट सकाळी माझा आवाज फुगतो आणि दुपारी चिरतो, हे मलाही माहीत नव्हते. त्यांनी ते लिहिले. रचना अशी होती: चेलो विचारणार, मी उत्तर देणार. बाई झोपलेल्या उजव्या कवाडाला पाठ लावून बसत, म्हणजे त्यांना माझे उत्तर चौकटीतून मिळे. लेक गज थांबवून विचारी, "आता बरोबर?" बाई म्हणत, "तू घाई करतेस. त्याला बोलू दे की."

त्याला. म्हणजे मला.

तेल

शेवटचा दिवस उजाडला. इतके दिवस चुलीपाशीच अडकलेली मावशी कणिक मळून हात धुऊन बाहेर आली आणि तिला माझ्यावरचा गोल दिसला.

तिने काय केले असेल? तिचा बाप खडूने गोल काढी तेव्हा त्याचा अर्थ एकच असे: इथे दुखते आहे, सकाळी बघ. शिवाय बाईंना कानाचा त्रास आहे, एवढे तिच्या कानावर आले होते. माझ्या ओरडण्याने त्यांना किती त्रास होत असेल! एवढ्या वर्षांत कुणी तिला हक्काने काम सांगितले नव्हते. आज कुणीतरी बापाच्या पद्धतीने सांगितले होते. तिचे डोळे भरून आले. ती घरातून तेलाची बुधली घेऊन आली.

"उगी, उगी," ती मला म्हणाली. "किती वर्षं ओरडतोयस रे. आम्हालाच ऐकू आलं नाही."

तिने वरच्या बिजागरीत तेल सोडले, खालच्या बिजागरीत सोडले, पदराने ओघळ पुसले, आणि जाता जाता खडूचा गोलही पुसला. काम झाले की तिचा बाप पुशी तसा.

खरे सांगतो, मला फार बरे वाटले. लोखंडाला लोखंड लागेना. वाटले, हाच तो आराम.

थोड्या वेळाने बाई आल्या. एकट्याच होत्या. शेवटचा सराव करायचा होता. त्यांनी गाल टेकवला, मला धरले आणि नेहमीसारखे बोटभर उघडले.



ऐकलेत? नाही ना. त्यांनीही नाही.

त्यांनी मला पुरते उघडले. बंद केले. उघडले. मग त्या उंबऱ्यावर बसल्या आणि दोन्ही हात कानांवर ठेवले. त्यांना काय वाटले ते मला समजले, आणि मी दरवाजा असल्यामुळे सांगू शकलो नाही. त्यांना वाटले, उरलेसुरले ऐकू येणेही आज गेले.

लेक चेलो पाठीवर घेऊन आली. आईचा चेहरा पाहून तिने वाद्य तसेच खाली ठेवले. "काय झालं?"

"गेलं गं. हेही गेलं."

लेकीने मला एकदा ढकलले. मग जोराने ढकलले. मग ती बिजागरीखाली गेली, बोट लावले, बोट नाकाशी नेले. आणि आईसमोर बसून, तिला ओठ दिसतील असे, मोठमोठ्याने म्हणाली, "आई! मलाही ऐकू येत नाहीये! तेल घातलंय कुणीतरी!"

बाई तिच्याकडे पाहत राहिल्या. मग त्या हसायला लागल्या. लेकही हसू लागली. दोघी माझ्या उंबऱ्यावर बसून पोट धरून हसल्या. हसता हसता बाई थांबल्या. कान होते, पण आवाज नव्हता. आणि ऐकायला गावचे लोक दुपारी येणार होते.

काढून ठेवलेला

मावशीला कळले तेव्हा ती जमिनीवरच बसली. मामा ओरडला, "अगं, विचारायचंस तरी!"

"गोल कसला असतो ते तुला माहीत नाही, दादा?" ती उसळून म्हणाली. "बाबा काढायचे तो कसला असायचा? खडू धरायला मी उभी असायचे. तू कधी उभा राहिला असतास तर आठवलं असतं तुला!"

मामाच्या भुवया खाली आल्या. मग तो म्हणाला, "बरोबर आहे तुझं. मीच विसरलो."

"कुणाचं काही चुकलेलं नाही," बाई म्हणाल्या. "मावशी, रडू नका. तुम्ही त्याचं दुखणंच काढलंत ना? मी त्यावर गाणं करत बसले होते."

मग जे झाले ते मी जन्मात विसरणार नाही. एवढी शिकलीसवरलेली मंडळी एका दरवाजाला पुन्हा कुरकुरायला लावण्यासाठी झटू लागली. मावशीने उकळते सोड्याचे पाणी आणले. कुणी राख आणली. काचवाल्याने आपल्या वाडग्यांतून वाळू वाहिली. बिजागऱ्या घासून कोरड्या केल्या. सगळे मागे सरले. बाईंनी मला उघडले.

चूं.

उंदरासारखे. एवढा बारीक आवाज बाईंपर्यंत पोहोचणारच नव्हता. त्यांनी सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि त्या समजल्या.

"उतरवा खाली," मामा म्हणाला. "खुंटांनाच वाळूने घासू."

काचवाला आणि आणखी तिघे पुढे झाले. वर उचलले मला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझे डावे कवाड चौकटीतून सुटले. त्यांनी मला कोठारात विटांवर आडवे ठेवले. मी छत पाहिले. छत मी कधी पाहिलेच नव्हते.

मामा खुंट घासू लागला. बाई गुडघ्यांवर बसून माझी लोखंडी पट्टी घासू लागल्या. सोड्याच्या पाण्याने जमीन चिकचिकली होती, म्हणून लेकीने खुर्ची माझ्यावरच मांडली. चेलोचा टोकदार पाय माझ्या मधल्या फळीत रोवला. हात आखडू नयेत म्हणून तिने सगळ्यात जाड तारेवरून सहज गज ओढला.

मित्रांनो, तो सूर तारेतून वाद्यात आला, वाद्यातून त्या लोखंडी पायात, आणि पायातून माझ्यात. वाऱ्याने पीळ पडलेल्या माझ्या सगळ्या फळ्या एकदम थरारल्या. हे माझे ओरडणे नव्हते. मला बोलायला कुणीतरी आवाज दिला होता.

बाईंचे हात थांबले. चिंधी हातातून पडली.

"काय वाजवलंस?"

"काही नाही. हात मोकळा करत होते."

"परत."

लेकीने परत गज ओढला. बाईंनी दोन्ही तळवे माझ्यावर पसरले.

"वर जा. आणखी वर. ती बारीक तार."

लेक बारीक तारेवर गेली. तो सूर बाईंनी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. लेकीला ते माहीत होते. ती आईच्या चेहऱ्याकडे न पाहता वाजवत राहिली, कारण पाहिले असते तर गज हलला असता. बाईंनी तळवे सरकवत सरकवत शेवटी गाल टेकवला.

"येतंय," त्या म्हणाल्या. "पातळ येतंय, पण येतंय. अगं, तू इतकं छान वाजवतेस? सांगितलं नाहीस कधी."

"सांगितलं होतं," लेक म्हणाली. "ऐकू आलं नव्हतं तुला."

मामाने घासणे थांबवले.

आडवा

दुपारी गावचे लोक आले आणि बैठकीसाठी आणलेल्या गवताच्या भाऱ्यांवर बसले. चौकट अर्धी उघडी होती. तिच्यातून ऊन आत येत होते आणि मी त्या उन्हात आडवा होतो. पाहुण्यांच्या स्वागताला दरवाजाने लोटांगण घातले, असे काचवाला म्हणाला.

बाईंनी रचनेतला माझ्या उत्तरांचा भाग पुसला नाही. तो त्यांनी लेकीला दिला. चेलोच विचारणार, चेलोच उत्तर देणार, फक्त उत्तर माझ्यातून जाणार. सुरू होण्याआधी त्या लोकांना म्हणाल्या, "ज्यांना ऐकायचं आहे त्यांनी बसून ऐका. ज्यांना माझ्यासारखं ऐकायचं आहे त्यांनी चपला काढा आणि इथे हात ठेवा."

आधी कुणी उठले नाही. मग मावशी उठली. तिने पदराला हात पुसले, माझ्याजवळ बसली आणि तळवा ठेवला. तिचा बाप ठेवी तसा, पसरून, खटकते का ते बघत. मग एक म्हातारा आला. मग गावातली एक आई तान्ह्याला घेऊन आली आणि तिने त्याचा पंजा माझ्यावर ठेवला.

लेकीने गज उचलला. पहिल्या प्रश्नात माझी कण्हण्याची चाल होती. बाईंनी ती इतकी बरोबर ऐकली होती की मी स्वतःला ओळखले. उत्तर माझ्या फळ्यांतून निघून तळव्यांत गेले. तान्हे खुदकन हसले. मावशी हळूच म्हणाली, "अगं बाई, हा तर आतून बोलतो."

संपल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण कुणाला हात उचलायचे नव्हते.

पुन्हा उभा

दुसऱ्या दिवशी चार माणसांनी मला उचलून खुंटांवर बसवले. जाण्याआधी बाई आल्या. त्यांनी खिशातून खडू काढला आणि माझ्या मधल्या फळीवर गोल काढला. लेक पाहत होती.

"शेवटची होती ना?" ती म्हणाली.

"ती दरवाजाची झाली," बाई म्हणाल्या. "हा पुढच्या उन्हाळ्याचा. चल, पिशवी उचल, उशीर होतोय."

मावशी मागून आली. हातात तेलाची बुधली होती. तिने गोल पाहिला आणि बाईंच्या खांद्याला हात लावून विचारले, "बाई, हा दुरुस्तीचा का गाण्याचा?"

"गाण्याचा."

"बरं," मावशी म्हणाली, आणि बुधली घेऊन रहाटाकडे गेली. तिथे थबकली. मागे वळून ओरडली, "आणि हा?"

थंडी आली आणि गेली. बिजागरीत उरलेसुरले तेल वाळले. एका सकाळी माझी जुनी करकर परत आली. मावशीने मान वर करून ऐकली, आणि उंबऱ्यावर बसून शेंगा सोलत राहिली.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुरकुरणारे काहीतरी असेल. एखादा दरवाजा, एखादा पंखा, एखादे म्हातारे माणूस. त्याला तेल जरूर घाला. पण आधी तळवा ठेवा आणि थोडे थांबा.

आणि एक विनंती. माझ्या मधल्या फळीत, त्या गोलाच्या आत, एक बारीक खड्डा आहे. चेलोच्या पायाने पडलेला. येणारे-जाणारे सुतार त्यात बोट घालून म्हणतात, लांबीचा लगदा भरून बुजवून टाकू का? बुजवू नका. उन्हाळा जवळ आला आहे, आणि लेकीला तो पाय पुन्हा तिथेच टेकवायचा आहे.